सांगू इच्छित नाही

मंडळाचा सेक्रेटरी मी झालो, त्याचं एकमेव कारण म्हणजे माझ्याकडे प्रिंटर आहे. वार्षिक सभेत अध्यक्षांनी विचारलं, "रंगीत?" मी अभिमानाने "हो" म्हणालो आणि टाळ्या पडल्या.

इंग्लंडच्या मध्यावर असलेल्या आमच्या गावात मराठी घरं साठेक. लंडनचं महाराष्ट्र मंडळ १९३२ सालचं, त्यांची स्वतःची वास्तू आहे. आमचं मंडळ अकरा वर्षांचं आणि आमची वास्तू म्हणजे खजिनदारांच्या गॅरेजमधली दोन कपाटं. एकात मखर आणि दुसऱ्यात मागच्या तीन गणपतींत उरलेल्या पत्रावळी. यंदा हॉलवाल्यांनी भाडं वाढवलं तेव्हा खजिनदारांनी शिल्लक जाहीर केली: २१२ पौंड. ही रक्कम त्यांनी अशा आवाजात सांगितली की दोघीतिघींनी पदर सावरला.

"काउन्सिल ग्रँट देते की," कोणीतरी म्हणालं. "गावातल्या छोट्या संस्थांना हजार पौंडांपर्यंत. अर्ज सोपा आहे. चौदा पानी."

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. म्हणजे माझ्या प्रिंटरकडे.

पहिले आठ प्रश्न खरंच सोपे होते. संस्थेचं बँकेत खातं आहे का, त्यावर दोन सह्या लागतात का, त्या दोन सह्या नवरा-बायकोच्या तर नाहीत ना, संस्थेची लिखित घटना आहे का. आहे. पुण्यातल्या एका सोसायटीच्या उपविधींवरून आम्ही ती बेतली होती. गच्चीवरची टाकी वर्षातून दोनदा धुण्याचं कलम तीत अजून आहे. काउन्सिलने त्याबद्दल काही विचारलं नाही.

नववा प्रश्न असा: "तुमच्या उपक्रमात समता, विविधता आणि समावेशकता कशी साधली जाईल? शब्दमर्यादा २५०." मी लिहिलं, आमच्याकडे सगळ्यांचं स्वागत आहे. मग उरलेल्या शब्दांत तेच पुन्हा लिहिलं, जरा नमस्कार केल्यासारखं. अतिथी देवो भव घातलं, वसुधैव कुटुंबकम् घातलं. वाचून माझंच मन भरून आलं.

चार दिवसांनी ग्रँट बघणाऱ्या बाईंचा फोन आला. दातांच्या दवाखान्यात सुई टोचण्याआधी नर्स जशी बोलते, तसा त्यांचा आवाज.

"सगळ्यांचं स्वागत आहे, हे उत्तर मला रोज येतं," त्या म्हणाल्या. "बुद्धिबळाचा क्लबही हेच लिहितो. तिथे चौदा पुरुष आहेत आणि सगळे सत्तरीच्या पुढचे."

"मग काय लिहू?"

"एवढंच सांगा, सध्या तुमच्याकडे कोण येत नाही? आणि का येत नाही?"

सोबत त्यांनी बावीस पानांची मार्गदर्शिका पाठवली. ती मी छापली, कारण छापणं हेच माझं पद.

त्यातून मला कळलं ते असं. २०१० च्या समता कायद्यात नऊ गोष्टी दिल्या आहेत, ज्यांवरून कोणाला डावलायचं नाही: वय, अपंगत्व, लिंगबदल, विवाह किंवा नागरी जोडीदारी, गरोदरपण-बाळंतपण, वंश, धर्म किंवा श्रद्धा, लिंग आणि लैंगिक कल. शिवाय एप्रिल २०११ पासून काउन्सिलसारख्या सरकारी संस्थांना काहीही ठरवताना तीन गोष्टींचा विचार करावा लागतो: भेदभाव टळतोय का, संधी सारखी मिळतेय का, आणि वेगवेगळ्या लोकांमध्ये सलोखा वाढतोय का. पैसे वाटणं हेही ठरवणंच. तेव्हा काउन्सिलने तो विचार आमच्याकडे ढकलला, आम्ही तो अध्यक्षांकडे ढकलला आणि अध्यक्षांनी विचारलं, "किती प्रती काढल्यास?"

यादी मी दोनदा वाचली. भाषा त्यात नाही. ज्या एकाच गोष्टीवर आमचं मंडळ उभं आहे ती नऊत बसत नाही. वंशाखाली रंग येतो, राष्ट्रीयत्व येतं, मूळ येतं; पण घरी गेल्यावर आईशी कुठल्या भाषेत भांडता, याला रकाना नाही.

दुसरी गोष्ट लक्षात आली ती आमच्या मावशींबद्दल. मावशी म्हणजे मंडळाचं स्वयंपाकखातं. नवीन जोडपं दारात दिसलं की त्या म्हणतात, "ये रे. वय काय तुझं? लग्नाला किती वर्षं झाली? मग, काही गोड बातमी? आडनाव काय म्हणालास? म्हणजे मूळचे कुठले?" काउन्सिल जी माहिती निनावी फॉर्मवर, बंद पाकिटात, हात जोडून मागतं, ती मावशी चप्पल काढायच्या आत काढून घेतात. यातला एक प्रश्न इथे नोकरीच्या मुलाखतीत कोणी विचारला तर कंपनीचा वकील जिन्यावरून धावत खाली येईल. मावशी वर चहा देतात.

तर "सध्या कोण येत नाही" या विषयावर अध्यक्षांच्या घरी बैठक बसली. मी पेन काढलं.

"ते दोघं येत नाहीत," खजिनदार लगेच म्हणाले. "पुरणपोळीच्या त्या प्रकरणापासून."

"अहो, पुरणपोळी नव्हे, नाटकातली भूमिका कापली म्हणून."

"आणि ते पलीकडच्या गल्लीतले? त्यांनी तर वेगळा गणपती बसवलाय. दीड दिवसाचा. दीड दिवसाच्या गणपतीला ढोल-ताशा!"

पाऊण तासात माझ्याकडे सतरा नावं जमली आणि प्रत्येकापुढे एक भांडण. यातलं एकही भांडण नऊ गोष्टींत बसत नव्हतं. मराठी माणूस मराठी माणसाला डावलताना वय, लिंग, धर्म काही पाहत नाही. याबाबतीत आमच्याइतकी समता कुठे सापडायची नाही.

"हे काउन्सिलला कळवता येणार नाही," मी म्हणालो.

"का? खरं आहे ते," नागपूरचे म्हणाले. नागपूरचे म्हणजे समितीतली आमची विविधता. बाकी आठ जण पुण्याचे, त्यांतले पाच कोथरूडचे.

खजिनदारांना वेगळीच भीती. "नावातच मराठी आहे आपल्या. हाच भेदभाव म्हणतील. फक्त एका समाजासाठी पैसे का द्यायचे, असं विचारलं तर?"

इथे मार्गदर्शिका वाचल्याचा मला प्रथमच उपयोग झाला. मी त्यांना साउथॉलची गोष्ट सांगितली. तिथे साउथॉल ब्लॅक सिस्टर्स ही आशियाई आणि कृष्णवर्णीय बायकांना घरच्या मारहाणीतून सोडवणारी संस्था १९७९ पासून आहे. एका गटाला वेगळे पैसे नकोत, सगळ्या बायकांसाठी मिळून एकच सेवा घेऊ, असं ईलिंग काउन्सिलने ठरवलं. प्रकरण २००८ मध्ये कोर्टात गेलं. सुनावणी चालू असतानाच काउन्सिलने निर्णय मागे घेतला आणि न्यायाधीशांनी निकाल लिहूनच ठेवला: सगळ्यांना एकच माप लावलं म्हणजे समता झाली असं होत नाही.

सगळे गंभीर झाले. मग अध्यक्ष म्हणाले, "म्हणजे आपल्याला मिळतील?"

"त्या बायका जीव वाचवतात, अध्यक्ष. आपण बटाटेवडे तळतो."

"तेही लिही."

मग यादीतली एकेक बाब घेतली. धर्मापाशी गाडी अडली, कारण पूजाअर्चेला पैसे मिळणार नाहीत, सांस्कृतिक कार्यक्रमाला मिळतील, असं अर्जात स्वच्छ लिहिलेलं. वहिनींनी कागद ओढून घेतला. वहिनी सांस्कृतिक विभाग बघतात आणि इथल्या शाळेत शिकवतात, तेव्हा दोन्हीकडची भाषा त्यांना येते. दहा मिनिटांत आरतीचं 'तालवाद्यांसह सामूहिक गायन' झालं, लेझमीचं 'सर्व वयोगटांसाठी हृदयाचा व्यायाम', उकडीच्या मोदकांचं 'पारंपरिक पाककला कार्यशाळा' आणि बादलीतल्या विसर्जनाचं 'पाण्याची बचत'. गणपतीला काय म्हणायचं यावर वाद झाला. शेवटी त्यांनी लिहिलं, 'मध्यवर्ती कलाकृती'. अध्यक्षांनी मनातल्या मनात कान धरले, मला दिसलं.

वंशाला कोणाची हरकत नव्हती. फक्त वहिनींनी विचारलं, "यात जात येते का?"

खोलीत एकदम इतकी शांतता झाली की फ्रिज ऐकू आला. मी मार्गदर्शिकेत तोंड खुपसलं. जात वंशाखाली आणावी असं पार्लमेंटने २०१३ मध्ये ठरवलं होतं. मग सल्लामसलत झाली आणि २०१८ मध्ये सरकारने सांगितलं, कायद्यात घालत नाही, कोर्टं बघून घेतील.

"नाहीच ना?" अध्यक्ष सुटल्यासारखे म्हणाले. "बरोबर आहे. आपण इथे कुठे जात मानतो?"

"नाही हो, अजिबात नाही," सगळे म्हणाले. त्याच वेळी खजिनदारांचा फोन वाजला. मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कोणीतरी भाच्याचं स्थळ टाकलं होतं. उंची, पगार, व्हिसा आणि पुढे कंसात जे असतं ते. खजिनदारांनी फोन उलटा ठेवला आणि आम्ही घाईने पुढच्या मुद्द्याला हात घातला.

पुढचा मुद्दा लैंगिक कल. अध्यक्षांनी घसा साफ केला. "हे आपल्यात काही नाही. लागू नाही असं लिही."

"नाही कसं?" मावशी वाती वळत बसल्या होत्या, मान वर न करता म्हणाल्या. "ते दोघं चार वर्षं आरतीला येतात. एकाच ताटात प्रसाद घेतात. तू त्यांना रूममेट म्हणतोस, ती गोष्ट वेगळी."

अध्यक्षांच्या चेहऱ्यावर चार वर्षांच्या आरत्या एकापाठोपाठ सरकून गेल्या. खजिनदारांना मात्र वेगळाच धक्का बसला होता. "म्हणजे त्यांना फॅमिली तिकीट द्यायला हवं होतं? दोन सिंगलचे बत्तीस घेतो आपण, फॅमिलीचे पंचवीस. सात पौंड गुणिले चार वर्षं..." त्यांनी अठ्ठावीस पौंड परत करायचा ठराव मांडला आणि तो मंजूर झाला. त्या विषयावरची आमची चर्चा एवढीच. याहून पुरोगामी ठराव आमच्या इतिवृत्तात नाही.

पण तिकिटावरून गोष्ट निघाली ती निघालीच. विद्यार्थी का येत नाहीत? कारण सोळा पौंडांत ते आठवडाभर जेवतात. हॉस्पिटलातल्या नर्स मुली का येत नाहीत? कारण कार्यक्रम नेहमी शनिवारी दुपारी आणि त्यांची पाळी तेव्हाच. खजिनदारांच्या समोरच्या घरातल्या आजी का येत नाहीत? हॉलला दोन पायऱ्या आहेत आणि आजी व्हीलचेअरवर. अकरा वर्षं आम्ही त्यांच्या घरी डब्यात मोदक पोचवत होतो आणि स्वतःला फार चांगले समजत होतो.

आणि वहिनींच्या शेजारचा तो बाबा. ढोल-ताशा सुरू झाला की तो हॉलमधून नाहीसा व्हायचा. सिगारेट ओढायला जातो, असं आमचं एकमत. "अहो, मुलाला घेऊन गाडीत बसतो तो," वहिनी म्हणाल्या. "मुलाला आवाज सोसत नाही. तीन गणपती त्याने पार्किंगमध्ये काढलेत, काचा वर करून."

यावर कोणी काही बोललं नाही. मी लिहून घेतलं: शांत खोली.

अर्ज गेला आणि सहा आठवड्यांनी ६०० पौंड मंजूर झाल्याचं पत्र आलं. मग खरा छळ सुरू झाला, कारण लिहिलेलं सगळं आता करायचं होतं.

उताराचं गणित खजिनदारांनी घेतलं. व्हीलचेअरसाठी उतार साधारण एकास बारा असावा लागतो. दोन पायऱ्या मिळून तीस सेंटिमीटर, म्हणजे फळी हवी ३ मीटर ६० सेंटिमीटर. त्यांनी भाड्याची फळी नाकारली आणि जुन्या मखराच्या प्लायवुडचा उतार करायचं ठरवलं. त्याची चाचणी अध्यक्षांना ऑफिसच्या खुर्चीवर बसवून घेतली. अध्यक्ष खाली अपेक्षेपेक्षा लवकर पोचले. दुसऱ्या दिवशी फळी भाड्याने आणली.

स्वयंपाकघरात तर मी कायमचा वैरी ठरलो. इथे खाण्याच्या पदार्थात असतील तर सांगावेच लागतात असे चौदा पदार्थ आहेत: गहू वगैरे धान्यांतलं ग्लूटेन, दूध, शेंगदाणे, तीळ, सोया, सेलरी, कालवं... आणि मोहरी. मी यादी घेऊन मावशींपुढे उभा राहिलो.

"मोहरी?" मावशी म्हणाल्या. "मोहरीने काय होतं कोणाला?"

"काहींना होतं, मावशी."

"मग फोडणी कशाची करू? सहानुभूतीची?"

"आणि हिंग बघावा लागेल. डबीतल्या हिंगात गव्हाचं पीठ असतं."

मावशींनी डबी डोळ्यांपासून लांब धरून वाचली. असतं. पन्नास वर्षं ज्या हिंगावर संसार केला तो असा निघाला. त्या खुर्चीवर बसल्याच. शेवटी प्रत्येक भांड्यापुढे मी रंगीत चिठ्ठ्या लावल्या. बटाट्याच्या भाजीपुढे 'मोहरी', चटणीपुढे 'शेंगदाणे, तीळ', आणि अध्यक्षांच्या मिसेसनी आणलेल्या केकपुढे, त्यांनी काय घातलं ते सांगायला नकार दिल्यामुळे, 'सर्व शक्यता'.

समितीत बायका दोन आणि ओट्यापाशी अकरा, हे अर्जात दिसल्यावर ग्रँटच्या बाईंनी त्यावरही प्रश्न विचारला होता. म्हणून पुऱ्या लाटायची जबाबदारी पुरुषांवर आली. आम्ही सातही जण लाटायला बसलो. तासाभरात पस्तीस पुऱ्या झाल्या, त्यांतल्या बऱ्याच भौगोलिक स्वरूपाच्या होत्या. मावशींनी एक उचलून पाहिली, "ही कोकण किनारपट्टी कोणी केली?" असं विचारलं आणि सगळ्यांना हाकललं. समता पुऱ्यांपाशी थांबली.

कार्यक्रम रविवारी संध्याकाळी ठेवला. आजी फळीवरून आत आल्या, चारी बाजूंना पाहिलं आणि त्यांचं पहिलं वाक्य होतं, "आरास मागच्या वर्षीचीच दिसते." मागच्या वर्षी त्या आल्याच नव्हत्या, डब्याबरोबर पाठवलेले फोटो त्यांनी नीट पाहिले होते. नर्स मुली आल्या, विद्यार्थी आले आणि जेवणाच्या रांगेत पहिले लागले. ते 'रूममेट' दोघं फॅमिली तिकिटावर आले. अध्यक्षांनी स्वतः दाराशी जाऊन दोघांचं इतक्या जोरात स्वागत केलं की ते बिचारे घाबरले. काउन्सिलच्या सलोख्यासाठी शेजारपाजारच्या इंग्रज मंडळींना पत्रकं टाकली होती. तिघं आले. त्यांतले एक आजोबा त्या हॉलमध्ये दर रविवारी होणाऱ्या बिंगोसाठी आले होते. त्यांना कोणीतरी झांजा दिल्या. आरती संपल्यावर त्यांनी मला विचारलं, "नंबर कधी काढणार?"

शांत खोलीचं काय झालं ते सांगायला हवं. खुर्च्या ठेवायच्या खोलीत आम्ही मंद दिवा, गाद्या आणि दोन मोठे हेडफोन ठेवले होते. अध्यक्षांचं भाषण सुरू झालं आणि सातव्या मिनिटाला मी सहज दार ढकललं तर आत नऊ काका. एकाकडे क्रिकेटचा स्कोअर, दोघांची कुठल्याशा जुन्या लेगस्पिनरवरून जुंपलेली, आणि एक चक्क घोरत होते. कोपऱ्यात टेबलाखाली तो मुलगा, हेडफोन घालून, मोदकाची कळी एकेक पाकळी सोडवून खाताना. बाबा शेजारी मांडी घालून.

मी काकांना हात जोडले. कोणी हलेना. "आम्हालाही आवाज सोसत नाही," एक म्हणाले आणि स्टेजच्या दिशेने बोट दाखवलं. तेव्हा मुलगा टेबलाखालून बाहेर आला. दारावरची 'शांत खोली' ही पाटी काढून त्याने ती प्रत्येक काकांच्या नाकासमोर काही सेकंद धरली, आणि परत जाऊन बसला. त्यानंतर नऊ काका पंचेचाळीस मिनिटं एक अक्षर बोलले नाहीत. त्यांच्या घरच्यांनी दारातून येऊन बघितलं.

शेवटी उरला तो माहितीचा फॉर्म. ग्रँटची अट होती: आलेल्यांनी निनावी फॉर्म भरायचा, वय, वंश, धर्म, अपंगत्व वगैरे. प्रत्येक प्रश्नाखाली शेवटचा पर्याय: 'सांगू इच्छित नाही'. जन्मभर ज्यांना आडनाव, पगार, भाड्याचं घर की स्वतःचं, दुसरं मूल कधी, हे सगळं सांगावं लागलं होतं, त्यांना न सांगण्याची अधिकृत सोय प्रथमच मिळाली. लोकांनी ती मनसोक्त वापरली. वयावर बायकांनी वापरली, लिंगावर कोणी का वापरली ते देव जाणे. नागपूरच्यांनी वंशाखाली 'इतर' वर खूण करून पुढे 'विदर्भ' लिहिलं. आजींनी व्हीलचेअरवर बसून, चष्मा पुसून, अपंगत्वापुढे 'नाही' लिहिलं. "मला काय धाड भरलीय?" त्या म्हणाल्या. "गुडघे तेवढे गेलेत."

मावशींनी मात्र सगळे रकाने इमानदारीने भरले, खाली सही केली आणि फोन नंबर दिला.

काल ग्रँटच्या बाईंचा मेल आला. अहवाल मिळाला, धन्यवाद, पण ११८ उपस्थितांपैकी ९१ जणांबद्दल काहीच कळत नाही, जरा समजावून सांगाल का? शिवाय अपंगत्वाखाली एकही नोंद नाही, मग उताराची फळी कोणासाठी होती? मी उत्तर लिहायला घेतलं आणि प्रिंटरची शाई संपली.

तेव्हा वाचकहो, आमच्या मंडळाला सेक्रेटरी हवा आहे. वय, लिंग, धर्म, वंश, जात, पेठ, काहीही चालेल. पुढच्या अर्जाची शेवटची तारीख ३१ जानेवारी. प्रिंटर स्वतःचा असावा.